इंग्लंडमधल्या लिंकन शहराचा वेक्टर नकाशा विकत घेणार असाल तर आधी हे वाचा

वेक्टर नकाशा म्हणजे रेघा आणि आकारांनी बनलेली, बदलता येणारी फाईल. 'पूर्ण एडिटेबल' असं विकणाऱ्याने ठळक अक्षरांत लिहिलं होतं. फाईल उघडली तर रस्त्यांची नावं मजकूर म्हणून उरलेलीच नव्हती, सगळी आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं करून टाकलेली. बेलगेट (Bailgate) या रस्त्याच्या नावावर क्लिक केलं की आठ सुटे आकार हातात येतात. ते खोडता येतात, रंगवता येतात, पण त्या जागी दुसरं नाव टाइप करता येत नाही. आम्हाला तर नकाशा मराठीतच हवा होता. लंडनहून निघालेल्या गटात निम्मी मंडळी मुलांकडे राहायला आलेली आई-बाबा, काका-काकू अशी होती. जुनी नावं खोडून सगळी पुन्हा बसवली. त्यात इलस्ट्रेटर या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरने जोडाक्षरं फोडली, 'स्टीप'चा पाय मोडून 'स्‌टीप' झालं. त्यातला कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारी सोय, बदलून दक्षिण आशियाई केला की हे थांबतं. इंकस्केप या तशाच सॉफ्टवेअरमध्ये ही कटकट मुळातच नाही, आणि ते फुकट आहे.

हे सगळं सोसलं असतं. खरी फसवणूक चढाची.

लिंकन दोन मजली शहर आहे. खाली स्टेशन, विदम नदी, हाय स्ट्रीट. वर किल्ला आणि कॅथीड्रल. मध्ये जवळपास 60 मीटर उंचीचा फरक. विकतच्या नकाशात स्टेशन ते कॅथीड्रल सुमारे एक किलोमीटरची सरळ, छान गुलाबी पादचारी रेघ. 1:5000 ला छापली की कागदावर 20 सेंटीमीटर. समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघांचा, थरच नाही! ग्राफिक डिझायनरला पोस्टर करायला तो नकाशा उत्तम, चालणाऱ्याला निरुपयोगी.

हाय ब्रिजपर्यंत सगळे गप्पा मारत आले. पुलावर लाकडी चौकटीची जुनी घरं उभी आहेत, फोटो काढा आणि पुढे व्हा. पुढे स्ट्रेट नावाच्या गल्लीत रस्ता अरुंद होतो, डावीकडे 12व्या शतकातलं ज्यूज हाउस हे घर लागतं, आणि तिथून स्टीप हिल सुरू. नावावरून चढ आहे हे कळतं, किती आहे ते कळत नाही. ढोबळ मानाने सातात एक, म्हणजे सात मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. वरचा टप्पा सगळ्यात वाईट: दगडी फरसबंदी, कडेला लोखंडी कठडा, आणि पाऊस नुकताच पडून गेलेला. एका काकांच्या सँडलचा तळ गुळगुळीत. ते दोन्ही हातांनी कठडा धरून बाजूबाजूने सरकत होते. काकू मागून म्हणाल्या, "अरे, तुझ्या कागदावर तर हे सपाट होतं की!" पर्वतीला निदान पायऱ्या आहेत. इथे पाय टेकायला सपाट जागा मिळते ती दुकानांच्या उंबऱ्याशी, आणि तिथे आधीच कोणीतरी दम खात उभं असतं.

तेव्हा गुडघे दुखणारं, व्हीलचेअरवालं किंवा बाबागाडीवालं कोणी बरोबर असेल तर स्टीप हिलने वर जाऊच नका. खालून टॅक्सी करा आणि थेट कॅसल स्क्वेअरला उतरा. चालायचंच असेल तर लिंडम रोडने पॉटरगेटकडून वळसा घ्या. लांब पडतं, गाड्यांचा आवाज आहे, मजा नाही, पण उतार मोठ्या रस्त्याचा आहे. ग्रीस्टोन स्टेअर्सही नकाशात साध्या गल्लीसारख्याच रंगवल्या होत्या. तो जिना आहे.

वर पोचल्यावर मात्र राग विरतो. एक्सचेकर गेटमधून आत शिरलात की कॅथीड्रलची पश्चिमेकडची ती भिंत अंगावर येते. बांधकाम 1072 ला सुरू झालं, 1185 च्या भूकंपात मोठी पडझड झाली, 1192 पासून पुन्हा बांधलं. मधल्या मनोऱ्यावर 1548 मध्ये कोसळेपर्यंत उंच शिखर होतं. यासाठी अर्धा दिवस ठेवा. किल्ल्यात 1215 चा मॅग्ना कार्टा, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, आहे; त्याला आणि तटावरच्या फेरीला तिकीट आहे, आवारात नुसतं फिरायला नाही. न्यूपोर्ट आर्च ही रोमन वेस, तिच्याखालून आजही गाड्या जातात. 1964 मध्ये एक ट्रक तिच्यात अडकला होता, त्याच्याकडेही बहुधा असाच नकाशा असणार. ब्रेफर्ड पूल (हा पूल नव्हे, तळं) ठीक आहे, वेळ उरला तर जा.

आता नकाशाचं. विकत घेऊच नका. आमच्या फाईलच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशाचं श्रेय होतं, म्हणजे मूळ माहिती फुकटची, पैसे रंगांचे. तीच माहिती क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घ्या, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा टेरेन 50 हा उंचीचा मोफत संच त्यावर टाका. त्यात दर 10 मीटरला समोच्च रेषा आहेत. स्टीप हिलवर त्या कशा गर्दी करतात ते बघितलं की पुढचं सांगावं लागत नाही. प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत, ब्रिटिश नॅशनल ग्रिडचं, सॉफ्टवेअरमधला क्रमांक 27700, ठेवा; नुसत्या अक्षांश-रेखांशांवर सोडलंत तर शहर पूर्व-पश्चिम ताणलं जातं आणि अंतरं खोटी ठरतात. मग एसव्हीजी, म्हणजे वेक्टर फाईल, काढा. पायऱ्यांचा थर वेगळा ठेवून लाल करा, नावं मुक्ता या देवनागरी फाँटमध्ये बसवा, आणि ओपनस्ट्रीटमॅप व ऑर्डनन्स सर्व्हे या दोघांचं श्रेय छापायला विसरू नका, परवान्याची अट आहे. विकतच्या फाईलचा परवाना एकाच वापरकर्त्यापुरता होता, गटाला प्रती वाटायच्या तर वेगळे पैसे. इथे हव्या तितक्या काढा. फक्त लेझर प्रिंट काढा. आमच्या इंकजेटच्या प्रती स्टीप हिलच्या निम्म्यावर जाईपर्यंत ओलीने शाई पसरून निळ्या झाल्या होत्या.