माझा पहिला ड्रम अँड बेस ट्रॅक: डेमोपासून प्रकाशनापर्यंत

नवोदित कलाकारांचे संगीत काढणाऱ्या एका छोट्या ड्रम अँड बेस (वेगवान ड्रम आणि खोल बेस यांवर उभे असलेले इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) लेबलच्या, म्हणजे संगीत प्रकाशित करणाऱ्या कंपनीच्या, नव्या संकलनात माझा एक ट्रॅक नुकताच प्रसिद्ध झाला. डेमो पाठवल्यापासून या दिवसापर्यंत जवळजवळ आठ महिने गेले आणि तेवढ्या काळात मी ध्वनीविषयी जे शिकले, ते आधीच्या तीन वर्षांत एकटीने शिकले नव्हते.

हे संगीत पहिल्यापासून छोट्या स्वतंत्र लेबलांच्या आधारावरच वाढले आहे. ब्रिटनमधल्या रेव्ह आणि जंगल या नृत्यसंगीताच्या प्रकारांतून ते आकाराला येत असतानाच, १९९२ मध्ये रॅम रेकॉर्ड्स, १९९४ मध्ये गोल्डी, केमिस्ट्री आणि स्टॉर्म या डीजेंचे मेटलहेड्झ आणि १९९६ मध्ये हॉस्पिटल रेकॉर्ड्स अशी लेबले उभी राहिली. हॉस्पिटलने तर २००६ मध्ये मेड स्कूल हे वेगळे उपलेबल काढून नव्या, प्रयोगशील कलाकारांना वाट करून दिली. या परंपरेत आपल्यालाही जागा मिळावी, ही माझी मनापासूनची इच्छा होती.

पहिल्या वेळी मी एकदम पाच ट्रॅक पाठवले आणि काहीच उत्तर आले नाही. दुसऱ्या वेळी लेबलच्या सूचना नीट वाचून एकच ट्रॅक खासगी लिंकने पाठवला. दीड महिन्याने उत्तर आले: ट्रॅक आवडला आहे, परंतु सुरुवात फार आखूड आहे, बेस मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एकत्र केल्यावर) टिकत नाही आणि ड्रम कुठून घेतले ते कळवावे.

बेसचा मुद्दा मला सर्वांत जास्त झोंबला, कारण त्याच बेसवर मी सर्वाधिक मेहनत घेतली होती. तो रीस प्रकारचा बेस होता. केव्हिन सॉन्डरसन यांनी १९८८ मध्ये रीस या नावाने काढलेल्या रेकॉर्डवरून हे नाव पडले. दोन करवती लहरी (करवतीच्या दात्यांसारख्या आकाराच्या ध्वनिलहरी) एकमेकींपासून किंचित बेसूर ठेवल्या, की त्यांच्या घर्षणातून हलता, गुरगुरणारा स्वर तयार होतो. हा स्वर मी अगदी तळापासून डाव्या-उजव्या बाजूंना पसरवला होता आणि हेडफोनवर तो भव्य वाटत होता. उत्तर वाचल्यावर मी मोनोचे बटण दाबले आणि ऐकतच राहिले: ड्रम जागेवर होते, मात्र त्यांच्याखालची जमीन नाहीशी झाली होती. दोन्ही बाजूंच्या खालच्या लहरी एकमेकींच्या विरुद्ध फेजमध्ये (एकीचा चढ तिथे दुसरीचा उतार) येऊन परस्परांना खोडून काढत होत्या. अनेक क्लबांमध्ये सबवूफरला (सर्वांत खालच्या स्वरांच्या स्पीकरला) मोनो ध्वनीच दिला जातो. म्हणजे जिथे हा ट्रॅक वाजावा अशी माझी इच्छा होती, तिथेच त्याचा बेस गळून पडला असता.

मी बेसचे दोन भाग केले. साधारण १२० हर्ट्झच्या वर रीस तसाच रुंद ठेवला आणि खाली फक्त एक साधी साइन लहर (गुळगुळीत, शुद्ध स्वराची) मधोमध, मोनोमध्ये ठेवली. ट्रॅकचा मूळ स्वर एफ असल्यामुळे ती लहर सुमारे ४४ हर्ट्झवर येते. प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला ती शून्य फेजपासूनच, म्हणजे लहरीच्या एकाच ठरलेल्या बिंदूपासून, सुरू होईल असे केले, तेव्हा काही स्वर भरीव आणि काही पोकळ लागण्याचा जुना त्रासही संपला. किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, पडताना बेस क्षणभर दबावा म्हणून साइडचेन (एका आवाजाने दुसरा आपोआप दाबण्याची सोय) आधीच होते. त्याचा वेळ मात्र कानाने पुन्हा लावावा लागला.

ड्रमच्या बाबतीत मी सरळ कबुली दिली. ते प्रसिद्ध आमेन ब्रेकचे तुकडे होते. द विन्स्टन्स यांच्या १९६९ च्या रेकॉर्डमधील ग्रेगरी कोलमन यांचे ते चार बारांचे (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट) वादन या संगीताचा कणा आहे. पण त्यासाठी त्यांना कधीही रॉयल्टी मिळाली नाही, हेही तितकेच खरे आहे. लेबलला विनापरवानगी नमुना (दुसऱ्याच्या रेकॉर्डमधून उचललेला तुकडा) नको होता आणि विचारांती मलाही तो नकोसा झाला. एका ड्रमवादक मैत्रिणीकडून मी मिनिटाला साधारण १३७ ठोक्यांच्या लयीत नवे वादन ध्वनिमुद्रित करून घेतले आणि टेपसारखे वेग वाढवून ते १७४ वर नेले. वेगाबरोबर स्वरही चढतो, त्यामुळे स्नेअर ड्रमला हवा तसा ताणलेला, कोरडा आवाज आला. तिची लेखी परवानगी घेतली आणि उत्पन्नात तिचा वाटाही ठरवला.

लेबलला आखूड वाटलेली आठ बारांची सुरुवात बत्तीस बारांची करणे मला मान्य नव्हते. १७४ च्या लयीत आठ बार म्हणजे अकरा सेकंद आणि बत्तीस बार म्हणजे चव्वेचाळीस. एवढा वेळ श्रोता थांबेल का, असे मी लेबलला विचारले. ही जागा श्रोत्याइतकीच डीजेची असते, असे उत्तर आले. आधीच्या ट्रॅकशी लय जुळवायला त्याला तेवढा अवकाश लागतो. मी बदल केला, पण माझे समाधान झाले नव्हते.

करार पाच वर्षांच्या अनन्य परवान्याचा होता. मालकी माझ्याकडेच राहिली आणि खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न निम्मे-निम्मे ठरले. खर्चाला कमाल मर्यादा नव्हती, ती मी मागितली आणि लेबलने घातली. नवख्या कलाकाराने हे विचारायला अजिबात संकोच करू नये. मास्टरिंगसाठी, म्हणजे प्रकाशनाआधीच्या शेवटच्या ध्वनिसंस्कारासाठी, लिमिटर (आवाजाची पातळी ठरलेल्या मर्यादेवर रोखणारे साधन) काढून, सर्वोच्च पातळी उणे सहा डेसिबलच्या आसपास ठेवून २४ बिटची वेव्ह फाइल पाठवली. ट्रॅकच्या माहितीत मैत्रिणीचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिले गेले होते. सगळी कागदपत्रे पुन्हा तपासून ते दुरुस्त करण्यात एक आठवडा गेला.

संकलन शुक्रवारी प्रसिद्ध झाले. दोन आठवड्यांनी एका इंटरनेट रेडिओवरच्या मिक्समध्ये संकलनातलाच दुसरा एक ट्रॅक चालू असताना त्याच्याखालून माझ्या मैत्रिणीचे ड्रम हळूहळू वर आले. सोळा बार दोन्ही ट्रॅक एकत्र चालले, मग डीजेने वरच्या ट्रॅकचा बेस काढून घेतला आणि बत्तिसाव्या बारानंतर माझा बेस रिकाम्या झालेल्या जागेत नेमका उतरला. तेवढा भाग मी तिला लगेच पाठवला.