ताई, तुमचं लग्न झालंय का?

पोलीस ठाण्यातल्या समुपदेशन केंद्रात समुपदेशक म्हणून बसणाऱ्या प्रत्येकीला हा प्रश्न येतोच. बाई आत येते, पाणी पिते, पदर नीट करते आणि स्वतःचं काही सांगायच्या आधी विचारते, ताई लग्न झालंय का, मुलं किती, गाव कुठलं. एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या एम.ए.सारख्या पदवीला, शिकवलेलं असतं की प्रश्न हळूच तिच्याकडेच वळवायचा, "हे का विचारावंसं वाटलं तुम्हाला?" वगैरे. असं बोललं ना की बाई गप्पच होते. रात्री नवऱ्याने काय केलं हे जिच्यापाशी बोलायचंय ती कुठली, कुणाची, एवढं तरी तिला कळायला नको का? म्हणून मी गाव सांगते, आईसोबत राहते ते सांगते, आणि मग म्हणते, आता तुमचं बोला.

माझा घटस्फोट झालाय हे मात्र सहसा सांगत नाही. त्यात लाज वगैरे काही नाही. पण उद्या जॉइंट मीटिंगला नवरा, सासू, एखादा मामा असे सगळे येणार आणि सासूच्या कानावर गेलं की ठरलेलं, "हिचंच मोडलंय, ही काय आमचा संसार सांभाळून देणार." मग तिची मारहाण राहते बाजूला आणि चर्चा माझ्यावर. शिवाय बाईलाही वाटतं, ताईंनी सोडलं म्हणजे मलाही सोडच म्हणतायत.

आणि खरं सांगायचं तर माझ्या गोष्टीचा तिला उपयोग काय? माझा घटस्फोट परस्पर संमतीने झाला, हातात नोकरी होती. तिच्या पदरात दोन पोरं, घर सासऱ्याच्या नावावर. तिला कळायला हवा २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आणि त्यातला राहत्या घराचा हक्क, सासऱ्याच्या मालकीचं घर असलं तरी तो हक्क मागता येतो हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय, ते सांगण्यात माझी दहा मिनिटं गेलेली बरी.

एकदा सांगितलं होतं. त्या बाईचा निर्णय झालेला, केस कोर्टात गेलेली, आणि ती विचारत होती की एकट्या बाईला भाड्याने खोली देतात का हो. तेव्हा म्हटलं, मी घेतलीय. घरमालक मिस्टरांचं विचारतो तेव्हा काय बोलायचं, करार कुणाच्या नावाने करायचा, सगळं सांगितलं, तिने पोराच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. संसार का मोडला ते तिने विचारलं नाही, मी बोलले नाही.

व्यसनमुक्तीचं काम वेगळं आहे. तिथे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची पद्धतच १९३५ पासून स्वतःचा अनुभव सांगण्यावर उभी आहे, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही स्वतः दारूतून बाहेर आलेले समुपदेशक आहेत आणि पेशंटला त्यांचाच आधार वाटतो. आमच्याकडे तसं नाही चालत कारण टेबलाच्या दोन्ही बाजूंना भांडणातली माणसं असतात.

सगळ्यात अवघड प्रश्न लग्नाचा नाहीच, आडनावाचा. त्यात जात विचारलेली असते, दोघींनाही माहीत असतं. मी टाळत नाही, पूर्ण नाव सांगते, आणि त्यानंतर एखादीचा चेहरा बदलला तरी तक्रार लिहायला घेते.