सायकल लॉजवर, आम्ही गंगेवर

पुण्याहून सापुताऱ्याला सायकलने जायचं आणि वाटेत नाशिकला एक दिवस थांबायचं, हे निघण्यापूर्वीच ठरलं होतं. नारायणगाव, चंदनापुरीचा घाट, संगमनेर, सिन्नर करत नाशिक गाठलं. बरोबरचा मित्र म्हणाला, "उद्या मी फक्त झोपणार." मला हे पटत नाही. लागोपाठ मोठा पल्ला मारून एक दिवस नुसतं पडून राहिलं, की पुढच्या सकाळी पाय आखडलेले असतात. सावकाश चाललं तर रक्त खेळतं राहतं. त्याला एवढंच सांगितलं, की सपाटीवरच फिरू आणि दुपारी तुला झोपू देईन. तो तयार झाला.

सपाटीचा आग्रह मी मुद्दाम धरला. पेडल मारताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. पायऱ्या उतरताना मात्र त्याला लांबत लांबत अंगाचं वजन पेलावं लागतं. सायकल त्याला ही सवय लावत नाही, म्हणून चांगला सायकलवालासुद्धा एखादा गड उतरला की दोन दिवस मांड्या धरून बसतो. पांडवलेणी बघायची माझी फार इच्छा होती. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख तिथे तिसऱ्या लेण्यात आहे. पण डोंगराच्या पायऱ्या चढून त्या उतरायच्याही असतात, आणि दुसऱ्या दिवशी सापुताऱ्याचा चढ होता. लेणी यादीतून काढली.

क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे, बूट खोलीवरच ठेवले, साध्या चपला घातल्या आणि उजाडता उजाडता गंगेवर, रामकुंडावर पोचलो. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. दशक्रियेला आलेली माणसं, आंघोळीला आलेली बायकामाणसं, गुरुजींच्या छत्र्या, सगळं एकाच घाटावर. थोडं खाली दुतोंड्या मारुती उभा आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, की नाशिककर पूर याच्यावरून मोजतात. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं, असंच बोलतात. 2019 च्या पुरात तो पार बुडाला होता. शेजारी फुलं विकणाऱ्या मावशींना विचारलं, "पाणी चढलं की तुम्ही काय करता?" म्हणाल्या, "मारुतीच्या पायाला लागलं की टोपली उचलायची. त्याच्याकडे बघूनच धंदा चालतो दादा." एवढं सरळ पूरमापक यंत्र दुसरं मी पाहिलेलं नाही.

जवळच नारोशंकराचं देऊळ. सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी ते 1747 मध्ये बांधलं. तिथली मोठी घंटा चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली त्या विजयाची खूण मानतात. कपालेश्वराला खालूनच हात जोडले, कारण तिथे पुन्हा पायऱ्या. महादेवासमोर नंदी नसलेलं हे देऊळ एरवी चुकवू नये.

पंचवटीत काळारामाला मात्र बराच वेळ बसलो. सरदार ओढेकरांनी काळ्या दगडात बांधलेलं देऊळ, भोवती ओवऱ्यांचं प्रशस्त अंगण. चपला बाहेर काढून त्या गार फरशीवर अनवाणी फिरलो, तळव्यांना फार बरं वाटलं. याच देवळाच्या दरवाजांपुढे 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं त्यात उतरली, तो पुढे काही वर्षं चालला, आणि तरीही त्या काळात दरवाजे उघडले नाहीत. नाशिकला येऊन नुसतं दर्शन घेऊन परतणाऱ्यांनी पूर्व दरवाजाशी जरा थांबावं असं मला मनापासून वाटतं. देवळाइतकाच तो उंबरठाही पाहण्याजोगा आहे.

मिसळ खाल्ली, जोडीला दही घेतलं. मग कबूल केल्याप्रमाणे दुपारभर झोप, पाय भिंतीला उंच टेकवून.

उन्हं कलल्यावर जुन्या नाशकात, भांडीबाजार आणि तांबट आळीकडे गेलो. एका दुकानात म्हातारेबाबा तांब्याचा हंडा लोखंडी दांड्यावर उपडा घालून मठारत होते. उजव्या हाताचा हातोडा एकाच जागी पडत होता, आणि डावा हात हंडा बोटभर फिरवत होता. एक ओळ पुरी झाली की खालची. प्रत्येक ठोक्याचा वाटोळा चकचकीत ठसा आधीच्या ठशाला चिकटून. ठोकल्याने पत्रा कडक होतो, म्हणून भांडं टिकतं, असं बाबा काम न थांबवता म्हणाले. मित्राला तिथून हलवणं अवघड झालं.

बुधवार असल्याने गोदाकाठी आठवड्याचा बाजार भरला होता. केळी आणि खजूर घेतले, कारण वणीच्या पुढे खाण्याची ठिकाणं विरळ होत जातात. खोलीवर येऊन साखळीला तेल दिलं, टायरमधली हवा पाहिली. सकाळी दिंडोरीच्या रस्त्याला लागलो तेव्हा पाय मोकळे होते, आणि शेवटच्या चढावरही मांड्यांनी तक्रार केली नाही. पांडवलेणी मात्र मुंबई-आग्रा महामार्गालगत आहेत. मुंबईकडून येऊन नाशकात दौरा संपवणाऱ्यांनी ती शेवटच्या दिवशी ठेवावीत. दुसऱ्या दिवशी सायकल चालवायची नसेल, तर पायऱ्या खुशाल चढा.