पाऊण इंच

शुक्रवार, रात्री

आज स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरची तीन वर्षांची तपासणी झाली. मॅमोग्राफी स्वच्छ. मग नेहमीचा कार्यक्रम: भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, आधी हात कमरेवर, मग डोक्यावर, आणि सिस्टर फोटो काढणार. चेहरा वगळून. डॉक्टर दोन्ही बाजू न्याहाळतात आणि त्या दिसायला किती सारख्या, याचा फाइलीत शेरा लिहितात. एक्सलंट, गुड, फेअर, पुअर अशा चार पायऱ्या. मला ‘गुड’. शाळेत भूगोलात मिळायचं तसंच, म्हणजे कुरकुरायला जागा नाही.

येताना टेलरताईंकडे गेले. भाचीच्या लग्नाचा ब्लाऊज टाकायचा होता. त्यांनी टेप लावला, वहीत मागचं माप काढलं आणि म्हणाल्या, “काकू, डावीकडचा टक मागच्या खेपेला अर्धा इंच कमी घेतला होता. आता पाऊण घ्यावा लागेल.”

फाइलीत हे कुठेच नाही.

डॉक्टरांनी मागे सांगितलं होतं, पण तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं. शेक, म्हणजे रेडिएशन, पंधरा दिवसांचे असले तरी त्यांचं काम पुढे कित्येक वर्षं चालू राहतं. आतला भाग हळूहळू घट्ट होतो, आक्रसतो. त्यात माझं वजन चार किलोंनी वाढलं. उजवी बाजू भरली, डावी जिथल्या तिथे. म्हणजे पाऊण इंचातला थोडा दोष शेकांचा आणि थोडा आमच्या पुरणपोळ्यांचा.

ऑपरेशनच्या वेळी सासरच्या एका काकूंनी विचारलं होतं, “सगळंच काढून टाकायचं ना, जिवाला घोर कशाला?” तेव्हा गप्प बसले. आता सांगितलं असतं की मिलानमध्ये वेरोनेसी नावाच्या सर्जननी १९७३ पासून ७०१ बायकांवर हेच तपासलं. निम्म्यांचं स्तन पूर्ण काढलं, निम्म्यांचा गाठीचा भाग काढून शेक दिले. वीस वर्षांनी दोन्हीकडे जगण्याचं प्रमाण सारखंच. गाठ लहान असताना सापडली हे माझं नशीब, बाकी घोर तोच आहे. दर मॅमोग्राफीच्या आदल्या रात्री झोप येत नाही, ती काढलं असतं तरी आली नसती.

खरा त्रास दिसण्याचा नाहीच. तो हाताचा. काखेतल्या गाठी काढल्यापासून दंडाची आतली बाजू बधिर आहे. पावडर लावताना बोटांना दंड कळतो, दंडाला बोटं कळत नाहीत. पोळ्या जास्त झाल्या की संध्याकाळी बांगडी रुतते, म्हणून डाव्या हातात आता एकच, तीही सैल. फोटोत यातलं काय येणार?

हात वर मात्र जातो. स्वयंपाकघराच्या दाराआड मुलांची उंची मोजायच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत, त्यांच्याच शेजारी माझ्या आहेत. पहिल्या महिन्यात बोटं भिंतीवर चढवत धाकटीच्या सहावीतल्या रेघेपर्यंत पोचले होते. थोरल्याच्या बारावीपर्यंत यायला आठ महिने लागले. फिजिओवाल्या मुलीने सक्ती केली नसती तर रव्याचा डबा अजून खालच्या फळीवरच असता.

छातीवर शेकाच्या खुणेचे तीन निळे ठिपके आहेत. आजीच्या हनुवटीवर गोंदण होतं, तिनेही स्वतःहून मागितलं नव्हतं.

टेलरताईंनी डावी बाही पाव इंच सैल धरली, न विचारता. मुंढाही थोडा खोल. वहीत माझ्या नावापुढे आता दोन रकाने आहेत, डावा आणि उजवा. शेवटी विचारलं, “हूक पुढे की मागे?”

हात पाठीमागे अजून पुरा वळत नाही. तीन वर्षं पुढेच घेत आले. पण या साडीला मागचा गळाच शोभतो, म्हणून म्हटलं, मागे.

लावायचे यांनी. लग्नाच्या सकाळी चष्मा शोधण्यात अर्धा तास जाणार, हे आजच लिहून ठेवते.