तवा तापला की मागचा दिवा लागतो

"तुझा तो मागचा दिवा मी भाकऱ्या करत असले की बरोबर लागतो बघ," आई म्हणाली. मी हसून सोडून दिलं. २०२२ चा जून होता. आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे, न्यू जर्सीत एडिसनला, येऊन आठवडा झाला होता. आईला या घरातल्या बहुतेक गोष्टी संशयास्पद वाटत होत्या. भांडी घासायचं मशीन, दारावरचा कॅमेरा, आणि हा मागच्या डेकवरचा दिवा. रोज रात्री साडेआठला तो आपोआप लागावा आणि अकराला विझावा अशी व्यवस्था मी केलेली होती. प्रत्यक्षात काही दिवस लागायचाच नाही, आणि लागला तर रात्रभर जळत राहायचा.

व्यवस्था जुनी आहे. एक्स-१० म्हणतात तिला. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने काढलेली. वेगळ्या वायरी नाहीत, वायफाय नाही, घरातल्या विजेच्या तारांवरूनच निरोप जातो. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्‌झची, म्हणजे व्होल्टेज सेकंदाला १२० वेळा शून्यावरून जातं. त्या शून्याच्या क्षणी तारेवर १२० किलोहर्ट्‌झचा एक मिलिसेकंदाचा बारीक झटका सोडायचा. झटका आला की एक, नाही आला की शून्य. असे तुकडे जोडून 'अमुक दिवा, चालू' एवढा निरोप पोचायला ४७ सायकल लागतात, म्हणजे पाऊण सेकंदाहून थोडं जास्त. आमच्या गावाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो थॉमस एडिसन डीसी विजेचा कट्टर कैवारी होता. त्याचं चाललं असतं तर हे शून्य कधी आलंच नसतं, आणि माझा हा उन्हाळा वाचला असता.

२००४ पासून मी याची मोड्यूल्स, म्हणजे हा निरोप ऐकून दिवा चालू-बंद करणारी डबडी, जमवतोय. सोळा-सतरा वर्षं किरकोळ कुरबुरी सोडल्या तर सगळं नीट चाललं. २०२० नंतर मात्र एकेक दिवा ऐकेनासा झाला. मी काय केलं असेल? नवी मोड्यूल्स आणली. तीन बदलली, तिन्ही वेळा दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. बायको म्हणाली, "टाकून दे आता, सगळे वायफायवर गेलेत." पण मला हट्ट होता, आणि खरं सांगायचं तर वीसेक मोड्यूल्स कचऱ्यात टाकायची हिंमत नव्हती.

आईचं ते वाक्य बाबांनी मात्र सोडलं नाही. बाबा विद्युत मंडळातून २००३ साली निवृत्त झाले. मंडळाची त्यानंतर शकलं होऊन महावितरण झालं, तरी त्यांच्या तोंडी अजून 'मंडळ'च असतं. त्यांनी विचारलं, "शेगडी किती व्होल्टची आहे?"

"२४०."

"आणि दिवा?"

"१२०."

"मग बरोबर आहे तुझ्या आईचं. चल, खाली पॅनेल दाखव."

बेसमेंटमधल्या पॅनेलसमोर खुर्ची टाकून बसले आणि मी त्यांना इथली वायरिंग सांगितली. घरात दोन जिवंत तारा येतात, प्रत्येकीवर न्यूट्रलशी १२० व्होल्ट, एकमेकींशी २४०. निम्मं घर एकीवर, निम्मं दुसरीवर. इथले लोक त्यांना दोन फेज म्हणतात. बाबा वैतागले. "फेज कसले रे हे? एकाच वाइंडिंगचे दोन अर्धे आहेत, मधून न्यूट्रल काढलाय. पण असू दे. तुझा सिग्नल एका अर्ध्यावर सुटतो आणि दिवा आहे दुसऱ्या अर्ध्यावर. मग तो जाणार कुठून? बाहेर डीपीपर्यंत जाऊन परत यायला हवा." रस्त्यावरच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे त्यांची डीपी. तिथवर जाऊन परत येताना सिग्नलचा जीव जातो. पण आईने मोठी कॉइल फुल्लवर ठेवली की दोन्ही अर्ध्यांना जोडणारी वाट घरातच तयार होते. २४०० वॅटची कॉइल म्हणजे २४ ओहम. तवा तापतोय तोवर निरोप त्या कॉइलमधून पलीकडे जातो. अकरा वाजता विझण्याचा निरोप निघतो तेव्हा शेगडी थंड असते, म्हणून दिवा रात्रभर जळतो.

मला वाटलं, संपलं, सापडलं. बाबा म्हणाले, "मग सोळा वर्षं कसं चाललं? तेव्हाही अर्धे दोनच होते ना? आधी मोजू."

मोजायचं कशाने, हा प्रश्न होता. साधा मल्टिमीटर इथे आंधळा. त्याला १२० व्होल्टची लाट दिसते, तिच्या शून्यावर बसलेला एक मिलिसेकंदाचा झटका दिसत नाही. ऑसिलोस्कोप माझ्याकडे आहे, पण त्याच्या प्रोबची ग्राउंडची क्लिप चुकून जिवंत तारेला लागली तर स्कोपही जातो आणि माणूसही, म्हणून त्या वाटेला गेलोच नाही. याच कामासाठी बनवलेला मीटर मिळतो. मुठीत मावेल एवढा डबा, आउटलेटमध्ये खुपसायचा, पडद्यावर सिग्नल किती व्होल्टचा आणि गोंगाट, म्हणजे इतर उपकरणांनी तारेवर सोडलेली विद्युत खडखड, किती ते दिसतं. याच छंदातल्या एका निवृत्त गृहस्थाकडून मी तो जुना विकत आणला.

सिग्नल सतत सोडत राहायला युक्ती लागते, कारण पाऊण सेकंदात मीटर वाचून होत नाही. एक्स-१० च्या बटणांच्या पेटीवर 'डिम' दाबून धरलं की ती तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहते. घराचा कोड, म्हणजे निरोपाबरोबर जाणारं अक्षर, वापरात नसलेला ठेवला, पी. नाहीतर घरातले निम्मे दिवे मंद झाले असते. या कोडांची अक्षरं ए ते पी अशी सोळाच, आणि एकाच डीपीवर चार-पाच घरं असतात. शेजाऱ्याकडेही एक्स-१० असेल आणि कोड तोच असेल तर तुमच्या बटणाने त्याच्याकडचा दिवा लागू शकतो.

तर बाबा हॉलमध्ये पेटी मांडीवर घेऊन, मी मीटर घेऊन घरभर.

"दाबा!"

"दाबलंय!"

"सोडा!"

"आकडा सांग!"

आई मधून मधून विचारायची की हे किती दिवस चालणार आहे.

बाबांनी नातीची गणिताची वही घेतली, मागच्या पानापासून सुरुवात करून पट्टीने रकाने आखले. आउटलेट, ब्रेकरचा नंबर, कुठला अर्धा, आकडा, आणि वेळ. वेळेचा रकाना मला फालतू वाटला होता. पहिल्या दिवशी दुपारी घेतलेले आकडे रात्री जुळेनात तेव्हा बाबा नुसते माझ्याकडे बघत राहिले. रात्री स्वयंपाकघरातले एलईडी दिवे चालू असतात, त्यांचा गोंगाट मीटरवर ०.०१ चा ०.०५ होतो. "लोड कुठल्या वेळचा ते नको लिहायला?"

कुठला आउटलेट कुठल्या अर्ध्यावर ते पॅनेलवरूनच कळतं. एकाखाली एक ब्रेकर आळीपाळीने दोन्ही अर्ध्यांवर असतात, आणि समोरासमोरचे डावे-उजवे एकाच अर्ध्यावर. जाड, दुहेरी ब्रेकर दिसला की तो २४० चा, दोन्ही अर्धे धरून बसलेला.

पहिल्या पानावरचे आकडे असे होते. माझ्या मोड्यूल्सना नीट ऐकू यायला साधारण ०.१ व्होल्ट लागतात हे लक्षात ठेवून वाचा. हॉल, म्हणजे जिथून सिग्नल सुटतो तिथे, २.८. स्वयंपाकघर ०.६. माझं ऑफिस, तेही हॉलच्याच अर्ध्यावर, ०.०८. मागचं दार, म्हणजे डेकच्या त्या दिव्यापाशी, ०.०३, आणि आईने कॉइल फुल्ल ठेवली असताना तेच ०.१४. गॅरेज ०.०२.

मागचं दार अपेक्षेप्रमाणेच होतं. बाबांचं बोट ऑफिसवर थांबलं. "हा तर आपल्याच अर्ध्यावर आहे. हॉलला लागून खोली. इथे ०.०८ का?" मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "इथे कुणीतरी आकडा टाकलाय."

आकडा टाकणे हा शब्द मी पंचवीस वर्षांनी ऐकला. लहानपणी त्यांच्याबरोबर जीपमधून जाताना वीज चोरायला तारेवर टाकलेले आकडे ते लांबून ओळखायचे.

गोंगाट करणारं उपकरण शोधणं सोपं, मीटरवर ते स्वतःच ओरडत असतं. सिग्नल गिळणारं मात्र काहीच बोलत नाही. तिथे फक्त आकडा कमी दिसतो, आणि कमी का ते काढून बघितल्याशिवाय कळत नाही. बाबांची पद्धत फीडरवर चोरी पकडायची होती. एकेक शाखा तोडायची आणि मीटर बघायचा. ऑफिसचा ब्रेकर पाडला तर हॉलमधला आकडा २.८ वरून एकदम ४.१. म्हणजे चोर त्याच खोलीत.

ऑफिस मी २०२० च्या एप्रिलमध्ये थाटलं होतं, सगळे घरून काम करायला लागले तेव्हा. दोन मॉनिटर, यूपीएस, लेझर प्रिंटर, लॅपटॉपचे चार्जर. माझा संशय यूपीएसवर. तो भिंतीतून काढला, ०.०८ चे ०.३ झाले. बरं वाटलं, पण हॉलच्या मानाने फारच कमी. मग एक्स्टेन्शनच्या पट्टीवरचा एक मॉनिटर काढला, फरक नाही. दुसरा काढला, नाही. चार्जर, नाही. प्रिंटरसुद्धा नाही. आठ भोकांची पट्टी पूर्ण रिकामी झाली तरी ०.३ च. मी ती हातात घेऊन बघत बसलो. बाबा हॉलमधून ओरडले, "आता काय राहिलंय?"

"काही नाही. नुसती पट्टी."

"मग पट्टी काढ."

पट्टी भिंतीतून उपटली आणि मीटर २.१ वर गेला.

रिकामी पट्टी. वर काही जोडलेलं नाही, बटण बंद आहे, तरी सिग्नल गिळते. ती सर्जपासून, म्हणजे विजेच्या अचानक उसळीपासून, वाचवणारी आहे, आणि आत गोंगाट गाळायला दोन्ही तारांमध्ये एक कपॅसिटर बसवलेला असतो. माझ्या पट्टीत तो बटणाच्या अलीकडेच होता. समजा तो ०.१ मायक्रोफॅरडचा. ६० हर्ट्‌झला त्याचा अडथळा साडेसव्वीस हजार ओहम, म्हणजे विजेच्या दृष्टीने तो तिथे नाहीच. पण १२० किलोहर्ट्‌झला तेराच ओहम. माझा सिग्नल त्याच्या लेखी गोंगाटच आहे, आणि तो आपलं काम इमानेइतबारे करतोय. तीन मोड्यूल्स मी उगाच बदलली होती.

पट्टी आणि यूपीएस एका फिल्टरमागे टाकले. हा १० अँपिअरचा प्लगमध्ये बसणारा डबा आहे, तो १२० किलोहर्ट्‌झला पलीकडच्या कपॅसिटरपर्यंत पोचूच देत नाही. प्रिंटर बाहेर ठेवला, तापताना तो एकदम फार करंट ओढतो. पुन्हा फेरी. मागचं दार ०.०३ वरून ०.०९. बाबांचं उत्तर त्यांना मिळालं होतं. सोळा वर्षं डीपीवरून फिरून येणारा तेवढासा सिग्नल पुरत होता, ऑफिस आल्यावर तोही पुरेनासा झाला. पण ०.०९ म्हणजे काठावर. थंडीत सगळ्यांचे हीटर लागले की पुन्हा रडगाणं.

तिथे कपलर बसवला. दोन्ही अर्ध्यांमध्ये फक्त १२० किलोहर्ट्‌झसाठी उघडी असणारी वाट, आईच्या कॉइलचं काम चोवीस तास करणारी. तो २४० च्या दुहेरी ब्रेकरवर लागतो. पॅनेलचं झाकण उघडलं तरी बाहेरून आलेल्या मुख्य तारा जिवंतच असतात, म्हणून लायसनवाला इलेक्ट्रिशियन बोलावला. काम अर्ध्या तासाचं. बाबा त्याच्या मागे उभे राहून प्रत्येक स्क्रूकडे बघत होते. तो माणूसही चांगला, त्याने त्यांना टॉर्च धरायला दिला.

नंतरच्या फेरीत मागचं दार ०.७. हॉल मात्र ४.१ चा ३.६ झाला, कारण आता तोच सिग्नल दोघांत वाटला जातो. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. काठावरचा एखादा आउटलेट हॉलच्या बाजूला असता तर कपलर बसवल्यावर तो मुका झाला असता. त्या रात्री साडेआठला दिवा लागला, शेगडी बंद असताना. अकराला विझला. आई म्हणाली, "बरं झालं, रोज भाकऱ्या नकोत करायला."

गॅरेज राहिलं. कपलरनंतरही ०.०७. दार उघडणाऱ्या मोटरचा प्लग छताला आहे, तो एकदा लांब काठीने ओढून काढला तर आकडा ०.२५ वर गेला. म्हणजे चोर सापडला, एक फिल्टर लावला की झालं. पण त्यासाठी शिडी लागते, आणि दोन दिवसांवर विमान असताना आईने आम्हा दोघांनाही शिडीवर चढू दिलं नाही. फिल्टर अजून ड्रॉवरमध्ये आहे, वहीच्या वर. गॅरेजचा दिवा मी हातानेच लावतो.