बारसं थेट टीव्हीवर!

फोनमधले फोटो टीव्हीवर दाखवायला लॅमिंग्टन रोडवरून टाइप-सी ते एचडीएमआय केबल आणली; एक टोक फोनच्या चार्जिंगच्या टाइप-सी पोर्टात, दुसरं टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टात. दुकानदाराने आधी फोनचं मॉडेल विचारलं, हे फार बरं केलं. टाइप-सी पोर्ट दिसायला सगळे सारखेच, पण त्यातून चित्र बाहेर यायला फोनमध्ये डिस्प्लेपोर्टची सोय लागते. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ती नसते. माझ्यात आहे.

लालबागला आईचा टीव्ही जुना, वायफाय नाही, पण मागे एचडीएमआय आहे. तेवढं पुरतं! रिमोटवर सोर्स बदलला आणि नागपूरला झालेलं ताईच्या लेकीचं बारसं अख्ख्या पडद्यावर. मोतीबिंदूमुळे आईला फोनवर धड काही दिसत नाही. आज खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "अगंबाई, मी पाठवलेल्या मनगट्याच घातल्यात की!" मग शेजारच्या काकूंना हाक, आणि सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून.