'तुंबाड'मधला पाऊस आणि कणकेची बाहुली

राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटात पाऊस जवळजवळ थांबतच नाही. खऱ्या पावसाळ्यांत केलेल्या चित्रीकरणामुळे वाड्याच्या भिंतींवर, शेवाळावर आणि माणसांच्या चेहऱ्यांवर एकच करडी, ओलसर कळा पसरते. त्यामुळेच वाड्याखालच्या, देवीच्या गर्भाचा मांसल तांबडा रंग डोळ्यांवर आदळतो. तिथे चित्रपटाचा नायक विनायक दोरावरून उतरतो, पिठाचे रिंगण आखतो, हस्तर या देवीच्या शापित, भुकेल्या मुलासमोर कणकेची बाहुली टाकतो आणि हस्तरच्या लंगोटातून सोन्याच्या मुद्रा पाडून घेतो. ही रीत संवादांपेक्षा कृतीतून उलगडते, हे मला कथनाचे खरे कसब वाटते. सुरुवातीचे पुराणकथेचे निवेदन मात्र आटोपशीर चालले असते. १९४७ पर्यंत विनायकाचा मुलगाही त्या गर्भात उतरू लागतो, आणि मुद्रांऐवजी आख्खा लंगोटच पळवण्याची कल्पना त्या पोराचीच असते.